बीबीएफ (रुंद वरंबा सरी) पेरणी यंत्र : तीन खरीप वापरून झाल्यावर लिहितोय (लांब आहे, चहा घेऊन बसा)

पहिलंच सांगून टाकतो, यंत्राला ५ पैकी ४ आणि ज्यानं विकलं त्याच्या सर्व्हिसला ५ पैकी दीड, तो दीड पण फोनवर गोड बोलतो म्हणून. ज्यांना एवढंच पाहिजे होतं त्यांनी इथंच थांबलं तरी चालतंय. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण मे महिना आला की चार जण फोन करून विचारतात की घेऊ का बीबीएफ, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलंय.

आमचं शिवार परभणी जिल्ह्यात, जमीन काळी भारी, पाय घातला तर चप्पल मागं राहते असली. घरचं आणि धाकट्या चुलत्याचं मिळून १२ एकर सोयाबीन, त्यात तूर. एक वरचं रान आहे, हलक्या उताराचं, आणि एक ओढ्याकडचं खालचं, जे दरवर्षी चिबडतं. चिबडतं म्हणजे ज्यांच्याकडं काळी जमीन आहे त्यांना सांगायची गरज नाही, पाणी आत मुरत नाही, बाहेर जात नाही, चार दिवसात पीक पिवळं आणि आठ दिवसात मुळं कुजून वास मारायला लागतो.

आता पाऊस कमी झालाय असं मी म्हणणार नाही. पावसाची रीत बिघडली. आमच्या वडिलांच्या वेळी झड लागायची, दोन दोन दिवस भुरभुर, कपडे वाळायचे नाहीत पण पाणी जमिनीत जायचं. आता वीस-बावीस दिवस आभाळ कोरडं ठणठणीत आणि मग एका रात्रीत महसूल मंडळात ६५ मिमीच्या वर, म्हणजे सरकारी भाषेत अतिवृष्टी, तलाठी पंचनाम्याला हजर. एकाच हंगामात पीक पाण्यावाचून माना टाकतंय आणि पाण्यानंच सडतंय. हे दोन्ही ज्यानं सांभाळलं जाईल अशी एकच गोष्ट मला आतापर्यंत सापडली ती म्हणजे सरी. यंत्र म्हणजे फक्त ती सरी पाडायचं साधन आहे, हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं म्हणून आधीच लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा (उंच गादी) आणि कडेला सरी (चर). ट्रॅक्टरमागं जोडायचं पेरणी यंत्र, मधी चार फण, दोन्ही कडेला एक एक रिजर, म्हणजे सरी पाडणारा फाळ. चार तास (म्हणजे ओळी) सोयाबीनचे वरंब्यावर पडतात आणि दोन्ही बाजूला फूट-दीड फूट रुंद, वीतभर खोल सरी निघते. पाऊस कमी असला तर सरीत थांबलेलं पाणी हळूहळू वरंब्यात मुरतं, जास्त झाला तर तेच पाणी सरीतून शेताबाहेर निघून जातं. बियाणं आणि खत एकाच वेळी पडतं. नवीन काही नाही यात, हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट आहे त्यांनी काळ्या जमिनीसाठी हे ७० च्या दशकापासून चालवलंय, तेव्हा बैलानं ओढायच्या चाकाच्या औजारावर होतं. आपल्याकडं परभणी आणि अकोला दोन्ही विद्यापीठं कित्येक वर्षं बीबीएफ बीबीएफ करतायत. पण खरं गावात आलं ते पोकरामुळं. २०१८ ला तो प्रकल्प सुरू झाला, जागतिक बँकेच्या कर्जातून, १५ जिल्हे आणि ५१४२ गावं होती सुरुवातीला, हवामान बदलात टिकणारी शेती असं त्याचं नाव. आमचं गाव त्यात नव्हतं, शेजारचं होतं, तिथल्या शेतीशाळेत मी पाहुणा म्हणून जाऊन बसायचो, बिस्कीट पण मिळायचं. तिथंच पहिल्यांदा बघितलं.

पहिलं वर्ष २०२३, यंत्र भाड्यानं. एका गटाची औजार बँक आहे, नाव घेत नाही कारण रोज तोंडं बघायची आहेत. त्या वर्षी बिपरजॉय वादळानं पाऊस अडवून ठेवला, जून सगळा गेला, पेरण्या जुलैत. सगळ्या गावाला एकाच आठवड्यात वाफसा (पेरण्याजोगी ओल) आला आणि यंत्र एकच. नंबर लागता लागता सहा दिवस गेले. ड्रायव्हर एकरावर पैसे घेणारा, त्यामुळं त्याला पळवायची घाई, आणि त्यानं पाळी टाकली ती रानाच्या लांब बाजूनं, म्हणजे सरळ उतारावरून खाली. वळणं कमी पडतात ना. मी पण बांधावर उभा राहून बघत होतो, काही बोललो नाही, मलाच कुठं कळत होतं. पुढं जुलैत दोन जोराचे पाऊस झाले तेव्हा प्रत्येक सरीचा नाला झाला, माती वाहून खालच्या बांधाला ढीग. सरी उताराला आडवी पाहिजे, आणि एकदम आडवी पण नाही, किंचित तिरपी, म्हणजे पाणी चालेल पण पळणार नाही. हे पुस्तकात असतं, ड्रायव्हरला कुणी सांगत नाही.

पण मग ऑगस्ट आला. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा होता, आमच्याकडं तर थेंब नाही अशी गत. दुपारी वावरात गेलं की सपाट पेरलेल्या शेजारच्या सोयाबीनची पानं उलटी होऊन पांढरी दिसायची, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. आमचं पण सुकत होतं, खोटं कशाला बोलू, पण सात-आठ दिवस उशिरा सुकलं. फुलं लागायच्या दिवसात ते सात-आठ दिवस म्हणजे लई झाले. वरंब्याची माती खालून ओली होती, मी स्वतः उकरून बघितली, चार बोटं वरचं कोरडं आणि खाली मुठीत गोळा होईल अशी. नंतर सप्टेंबरात पिवळा मोझॅक आला त्यानं दोघांचं पण खाल्लं, रोगाला सरी काय करणार. शेवटी उतारा आमचा एकरी ६ क्विंटलच्या आसपास पडला, शेजाऱ्याचा ४ च्या आत. दोघं पण तोट्यातच, पण आमचा तोटा थोडा इज्जतीचा होता.

त्यावरून ठरलं की घ्यायचं. आम्ही चौघं मिळून घेतलं, मी, चुलता आणि बांधाला बांध असलेले दोघं. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) माझ्या नावानं अर्ज टाकला, लॉटरी लागायला वेळ लागला पण लागली. साधारण ८० हजाराला पडलं, आधी पूर्ण पैसे भरायचे आणि अनुदान मागून खात्यावर येतं, त्यामुळं ज्याच्याकडं सुरुवातीला हातात पैसा नाही त्याला हे एकट्याला जड आहे. भागीदारीत घ्या. फक्त आधीच वहीत लिहून ठेवा की कुणाचा नंबर पहिला, आम्ही चिठ्ठ्या टाकतो दर वर्षी, मारुतीच्या पारावर, आणि ज्याचा शेवटचा नंबर येतो त्यानं त्या दिवशी रुसून बसायचं एवढी मुभा आहे.

आता यंत्राबद्दल बारीक बारीक.

बियाण्याची बचत खरी आहे. आम्ही आधी सपाट्याला एकरी एक बॅग टाकायचो, ३० किलो, यात २२ किलोत भागतं. १२ एकराला तीन बॅगा वाचल्या. पण ही बचत उगवण चांगली असेल तरच. २०२० ला आपल्याकडं सोयाबीन उगवलंच नव्हतं ते आठवत असेल, आदल्या वर्षीच्या काढणीला भिजलेलं बियाणं होतं, लोकांनी दुबार पेरणी केली. तेव्हापासून आमची आई पोत्याच्या तुकड्यात शंभर दाणे गुंडाळून ओलं करून चुलीजवळ ठेवते, पाच-सहा दिवसांनी उलगडून मोजायचे, ७० च्या वर आले तर पेरायचं. यंत्र मोजून दाणा टाकतं, त्यात दाणाच मेलेला असेल तर तेवढी जागा रिकामी, आधीसारखं दाट पडलंय म्हणून झाकून जात नाही.

प्लेटा. बियाण्याच्या डब्यात तिरपी प्लेट फिरते, तिच्या खाचात एक एक दाणा बसतो. सोयाबीनची वेगळी, तुरीची वेगळी, हरभऱ्याची वेगळी. आम्हाला विक्रेत्यानं सोयाबीनची म्हणून जी दिली तिच्या खाचा लहान, दाणा अर्धा आत अर्धा बाहेर, फुटायला लागला. पहिल्या एकरात खाली डाळच पडत होती म्हणा ना. फोन केला तर म्हणाला साहेब तुमचं वाणच जाड आहे. अरे बाबा, गावात निम्मे लोक फुले संगम पेरतात, त्याचा दाणा काय आज जाड झाला का. शेवटी जालन्याहून पाहुण्याकरवी दुसऱ्या प्लेटा मागवल्या, तोवर तीन दिवस वाफसा वाया. घ्यायच्या आधी तुमचं स्वतःचं बियाणं पिशवीत घेऊन जा, दुकानासमोर चाक हातानं फिरवून खाली कागदावर दाणे पाडून बघा, मोजा, फुटलेले किती ते बघा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

दुसरी कुरकुर, खताच्या नळ्या. डीएपीत थोडा दमटपणा असला की नळी तुंबते आणि ते कळत नाही. बियाण्याची नळी पण तशीच. आणि हा मला सगळ्यात मोठा दोष वाटतो या यंत्राचा, की ते चुकलं तर सांगत नाही. २०२४ ला मधल्या दोन फणांची साखळी उतरली होती, ट्रॅक्टर चाललाय, सरी सुंदर पडतायत, माती झाकली जातेय, आम्ही बांधावर खूश. बराच वेळ पेरणी तशीच गेली. आठ दिवसांनी उगवलं तेव्हा वरंब्याच्या कडेला दोन ओळी आणि मधी टक्कल. आई बघायला आली, काही बोलली नाही आधी, मग म्हणली, "तिफणीला आम्ही सरता धरायचो तेव्हा मुठीतून दाणा सुटला नाही तर हाताला कळायचं. तुमच्या यंत्राला हात कुठाय?" सरता म्हणजे तिफणीमागची हातानं दाणा सोडायची नळी. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं आणि चुलतीनं मग ते टक्कल टोकून काढलं, दोन दिवस कंबर मोडून.

त्यावर आम्ही केलेली जुगाड सांगतो, बियाण्याच्या काळ्या नळ्या काढून पारदर्शक पाइप टाकले, लेव्हल पाइप मिळतो ना गवंड्याचा तो जाड, त्यात दाणा पडताना दिसतो. आणि यंत्रामागं एक माणूस चालतोच चालतो, पूर्ण वेळ, मोबाइल खिशात. कंपनीवाल्यांनी हे नळ्यांचं स्वतःच केलं तर चार पैसे वाढवा म्हणावं पण करा.

तिसरं, चाक. दाणा टाकायची सगळी शक्ती जमिनीवर फिरणाऱ्या चाकातून येते. रान जरा ओलं असलं की चाकाला चिखल चिकटतो, चाक फिरायच्या ऐवजी घसरतं, आणि घसरलं तेवढं बियाणं पडत नाही. तिफण थोड्या ओलीत चालून जाते, हे चालत नाही. म्हणजे वाफसा अगदी बरोबर पाहिजे, आणि आजकाल बरोबर वाफसा दीड दिवस मिळतो. २०२५ ला तर सगळंच विचित्र, मान्सून केरळात २४ मे ला आणि मुंबईत २६ मे ला, आमच्याकडं पण मे महिन्यातच एवढा पाऊस की उन्हाळी मशागत राहून गेली, रानात गुडघ्याएवढं तण. मग जूनमध्ये उघडीप. लोकांनी घाईनं पेरलं त्यातल्या काहींचं मोडलं. आम्ही ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरायचं नाही हा नियम पाळतो, पण मे मधला पाऊस त्यात धरायचा का नाही यावर आमच्या चौघांत जी भांडणं झाली ती लिहिण्यासारखी नाहीत.

ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे आमच्याकडं, निवांत ओढतो, लहान ट्रॅक्टरवाल्यांनी आधी चालवून बघा, भारी जमिनीत रिजर ओढताना नाक वर करतो. टायर सरीत चालले पाहिजेत, वरंब्यावर नाही, त्यासाठी टायरची रुंदी आणि रिजरचं अंतर जुळवून घ्या. स्पीड ताशी ४-५ किलोमीटर, त्याच्या वर गेलं की प्लेटीत दाणा बसतच नाही. आणि खोली, सोयाबीन चार-पाच सेंटिमीटरच्या खाली घालू नका. आमचा एक कोपरा खोल गेला, वरून जोराचा पाऊस, वर पापडी धरली आणि कोंब आतल्या आत वाकून मेले. एका रिजरची वेल्डिंग दुसऱ्याच वर्षी सुटली, विक्रेता म्हणाला वॉरंटीत दगड येत नाही. काळ्या रानात दगड कुठला, पण असो, गावातल्या वेल्डरनं दीडशे रुपयात केलं ते अजून टिकलंय.

आता ज्यासाठी ४ स्टार दिले ते. २०२४, सप्टेंबरची १ आणि २ तारीख. परभणी-हिंगोली-नांदेडवाल्यांना वेगळं सांगायला नको. रात्रभर पत्र्यावर असा आवाज की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. पहाटे पाऊस थोडा थांबला तसा मी आणि चुलता बॅटरी घेऊन वरच्या रानात गेलो. बांधाच्या अलीकडं शेजाऱ्याचं सपाट सोयाबीन, शेंगा भरत आलेल्या, आणि सगळं वावर एक तळं, वर फक्त शेंडे. बॅटरी मारली तर पाणी चमकायचं आणि हलत नव्हतं. आणि आमच्याकडं बॅटरी फिरवली तर वरंबे वर, पीक वर, आणि प्रत्येक सरीतून पाणी चाललंय, गढूळ, काडीकचरा घेऊन, आवाज करत, खालच्या चरात पडतंय. चुलता तसा कशाचं कौतुक करणारा माणूस नाही, तो तिथं बसला एका दगडावर आणि तंबाखू मळत बराच वेळ नुसतं ते पाणी बघत होता. म्हणाला, "चाललंय बघ कसं, वाट दाखवली की जातंय."

आठ दिवसांनी शेजाऱ्याचं पिवळं पडलं, शेंगातला दाणा बारीक राहिला. आमच्या वरच्या रानाला एकरी ९ क्विंटल आलं, त्याला ५. त्यानं दुसऱ्या दिवशीच मला विचारलं, पुढच्या वर्षी माझं पेरून देतो का. देतो म्हणलं, एकरी १००० घेतो, डिझेल आमचं, मागं चालणारा माणूस तुझा. (भाव मात्र विचारू नका, त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४८९२ होता आणि आम्ही विकलं ४१०० नं. सरीतून पाणी वाहून जातं तसे पैसे पण जातात, त्यासाठी कुणी यंत्र काढलेलं नाही अजून.)

आता कुठं हे चालत नाही ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल की विकणाऱ्याचा माणूस आहे.

ओढ्याकडचं खालचं रान. २०२५ चा सप्टेंबर सगळ्या मराठवाड्यानं बघितला. ओढा पात्र सोडून शेतात आला, दोन दिवस वावरात कमरेएवढं पाणी. तिथं बीबीएफ काय आणि सपाट काय, पाणी जायचं तरी कुठं, बाहेर पण पाणीच. सोयाबीन गेलं, वरून वाळू. सरी फक्त आपल्या रानात पडलेल्या पावसाचं बघते, दुसरीकडून आलेल्या पुराचं नाही. काही लोक "हवामान बदलावर रामबाण" म्हणून हे विकतायत त्यांना हे रान दाखवायला न्यावं वाटतं. त्या पाच एकरात आता काय करायचं ते ठरलेलं नाही, चुलता म्हणतो बांबू, मी म्हणतो आधी ओढा खोल होऊ दे.

दुसरं, हलकी मुरमाड जमीन. माझ्या मेहुण्याची आहे, त्यानं माझं बघून पेरलं, तिथं पाणी तसंही थांबत नाही, वरंबा लवकर वाळला आणि त्याचं नुकसान झालं. भारी आणि मध्यम काळ्या जमिनीसाठीच आहे हे. मेहुणा अजून जेवताना विषय काढतो.

तिसरं, सरीला बाहेर तोंड पाहिजे. सरी पाडली आणि खाली बांध बंद, तर तुम्ही पाण्याला जेलमध्ये टाकलंय एवढंच. शेवटाला एक आडवा चर काढून तो नाल्याला किंवा शेततळ्याला जोडा. आमच्या खालच्या शेजाऱ्याशी यावरून पण थोडं वाजलं, तुमचं पाणी माझ्या रानात का, बरोबर आहे त्याचं, मग दोघांनी मिळून बांधाकडेनं चर काढला, जेसीबीचे पैसे निम्मे निम्मे. गावागावात हे एकट्याचं काम नाही, चार रानं मिळून पाणी कुठून कुठं जाणार हे ठरवावं लागतं, आणि खरं सांगायचं तर यंत्र घेणं सोपं आहे, शेजाऱ्याशी चराचं बोलणं अवघड.

चौथं, कोळपणी. पहिल्या वर्षी आमच्या सालगड्यानं नेहमीसारखं बैलाचं कोळपं (तण काढायचं औजार) घातलं आणि निम्म्या सऱ्या बुजवल्या. त्याची चूक नाही, त्याला वाटलं रान सारखं करून द्यावं. सरी मोडली की बीबीएफचे पैसे पाण्यात. आता कोळपं फक्त वरंब्यावर, आणि पंचवीस-तीस दिवसांनी सऱ्या परत एकदा ओढून घेतो. उलट फवारणीला मात्र लई सोय, सरीतून चालायचं, पीक तुडवलं जात नाही, पाठीवर पंप असताना पायाखालचं दिसतं, जनावर (साप म्हणतोय) असलं तरी दिसतं. बायकांना खुरपायला पण सरीत बसायला जागा होते, त्यांचं मत यंत्राबद्दल आमच्यापेक्षा चांगलं आहे.

पाचवं, हार्वेस्टर. पंजाबवाला हार्वेस्टरचा ड्रायव्हर सऱ्या बघून तोंड पाडतो. चाक सरीत उतरलं की समोरचा पट्टा तिरका होतो, एका बाजूच्या खालच्या शेंगा राहतात. एकरी दोनशे जादा मागितले त्यानं. आम्ही गुत्तं देऊन मजुरांकडून कापून घेतलं आणि मळणी यंत्रात टाकलं. मजूर मिळत नसतील तुमच्याकडं तर हा मुद्दा आधी विचारात घ्या.

आणि तो नेहमीचा प्रश्न, दर चार तासामागं एक तास जातो, जमीन वाया जाते. मला पण वाटायचं. पण सरीच्या कडेची झाडं बघा, तिकडं ऊन-वारा लागतो, फांद्या सरीवर पसरतात. एका कडेच्या झाडाच्या शेंगा मी मोजायला घेतल्या होत्या, ८० च्या पुढं गेल्यावर कंटाळून सोडून दिलं. ऑगस्टअखेर वरून बघितलं तर सरी दिसत पण नाही.

ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी उगीच कर्ज काढू नका. विदर्भात पट्टापेर करतात तसं करा, तिफणीचं किंवा पेरणी यंत्राचं एक छिद्र बंद करून ठराविक तासांनंतर एक तास रिकामा सोडायचा, आणि कोळपणीच्या वेळी डवऱ्याच्या (तिकडचं कोळपं) जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्याला, दोरी गुंडाळून त्या रिकाम्या तासात चालवायचा, माती दोन्हीकडं लागते आणि सरी पडते. खर्च म्हणजे दोरी. बीबीएफच्या सरीएवढी खोल नाही होत पण ज्या रात्री पाऊस येतो त्या रात्री पाण्याला वाट आहे एवढं काम होतं. आमच्या गावात एका विधवा ताईंनी तीन एकर असंच केलं २०२४ ला, बैल भाड्याचे, आणि त्यांचं सोयाबीन वाचलं. त्यांना अनुदानाची लॉटरी कधी लागली नाही, सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर आहे. प्रकल्पवाल्यांनी हे असलं पण बघावं. आता पोकराचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यात आणि सात हजारांवर गावात आलाय, यादीत आमचं गाव आहे म्हणतात, ग्राम कृषी संजीवनी समितीची बैठक झाली की मी हा सातबाराचा विषय काढणार आहे, बिस्कीट मिळो न मिळो.

यंत्र बघायचं असेल तर या, गोठ्याच्या मागं झाकून ठेवलंय, पण २५ मे च्या आधी या, नंतर ते कुणाच्या रानात असेल मला पण सांगता येत नाही. आणि हरभऱ्याची प्लेट जादा कुणाकडं असली तर सांगा, आमची एकानं दिवाळीत नेली ती अजून आलेली नाही.